मिसळीनंतर दोन तासांनी शुगर चांगली आली? अजून तीन तास थांबा

सकाळी नऊला मिसळ. दोन पाव, वर फरसाण भरपूर, तर्री दुसऱ्यांदा मागवलेली. अकराला बोट टोचलं तर मीटरवर १४२. लगेच निष्कर्ष तयार: ‘मिसळ मला चालते, शुगर वाढत नाही.’ तेच बोट दुपारी दोनला पुन्हा टोचलं असतं तर आकडा १८० च्या पुढे दिसण्याची बरीच शक्यता होती. पण दोनला कोणी टोचत नाही, कारण ‘जेवणानंतर दोन तासांनी’ एवढंच आपल्याला सांगितलेलं असतं. (हे आकडे समजण्यापुरते. प्रत्येकाचे वेगळे येतील.)

दोन तासांचा नियम चुकीचा नाही. वरण-भात, भाजी-पोळी, पोहे अशा खाण्याला तो बरोबर बसतो. तेला-तुपात न्हालेल्या खाण्याला बसत नाही, आणि नेमकं तिथेच आपण त्याच्यावर विसंबतो.

आधी पोटात काय होतं ते बघू. पावातल्या पिठाचं ग्लुकोज होतं ते मुख्यतः लहान आतड्यात. जठरातून आतड्यात अन्न एकदम जात नाही, थोडं थोडं सोडलं जातं. त्या घासाबरोबर स्निग्ध पदार्थ जास्त आले की आतडं काही संप्रेरकं सोडून जठराला निरोप धाडतं: जरा दमानं. जठर रिकामं व्हायला लागणारा वेळ वाढतो. जी साखर तासा-दीड तासात रक्तात आली असती ती चार-पाच तास रेंगाळत येते. म्हणून सुरुवातीचा उंचवटा बुटका दिसतो.

‘पुरणपोळीवर तूप घातलं की शुगर वाढत नाही’ हे घराघरात ऐकू येणारं वाक्य इथून आलेलं आहे, आणि ते अर्धं खरं आहे. तूप साखरेचा वेग कमी करतं. साखर कमी करत नाही. पुरणातला गूळ आणि पोळीची कणीक जेवढी होती तेवढीच आत जाते, फक्त उशिरा. चमचाभर तुपाचं, म्हणजे पाच ग्रॅमचं, मला काही वाटत नाही. वरणभातावरच्या तुपाच्या धारेला खलनायक ठरवायची गरज नाही. पण एका बैठकीत पोटात गेलेली स्निग्धता चाळीसेक ग्रॅमच्या पुढे गेली, आणि तीही पिठावर किंवा भातावर स्वार होऊन, की मामला बदलतो. कारण मग साखर नुसती उशिरा येत नाही, ती आल्यावर तिला वाटही मिळत नाही.

ही वाट का मिळत नाही, हा यातला सगळ्यात रंजक भाग आहे.

खाल्लेलं तेल-तूप पचल्यावर त्याचे बारीक थेंब बनतात. त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. साखर आतड्यातून थेट यकृताकडे जाते. हे थेंब यकृताला वळसा घालून लसिकावाहिन्यांतून वर चढतात आणि मानेच्या मुळाशी रक्तात उतरतात. जड जेवणानंतर तीन ते पाच तासांनी रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, सर्वांत वर असतात. त्या वेळी रक्त काढून नळी फिरवली तर एरवी पारदर्शक पिवळसर दिसणारा वरचा द्रव गढूळ, ताकासारखा दिसू शकतो. प्रयोगशाळेतली माणसं अशा नमुन्याला ‘लिपेमिक’ म्हणतात आणि बऱ्याचदा ‘उपाशीपोटी पुन्हा या’ म्हणून परत पाठवतात.

या थेंबांतून सुटलेली फॅटी अ‍ॅसिड स्नायूत आणि यकृतात शिरतात. तिथे लागेल तेवढी जळतात. जास्तीची पेशीत साठताना त्यांची काही अर्धवट रूपं तयार होतात, आणि ती इन्सुलिनच्या निरोपात अडथळा आणतात. कुलूप-किल्लीची उपमा सगळीकडे वाचायला मिळते, पण इथे ती तोकडी पडते. किल्ली शाबूत, कुलूपही शाबूत. इन्सुलिन दाराशी येतं, बेल दाबतं, पण आतली तार ढिली झालेली असते. निरोप पोचला असता तर साखर आत ओढणारे वाहक (ग्लुट-४ हे त्यांचं नाव) पेशीच्या आतून पृष्ठभागावर आले असते. ते आतच बसून राहतात. साखर रक्तात घुटमळते, आणि स्वादुपिंडाला तीच बेल आणखी जोरात वाजवावी लागते, म्हणजे इन्सुलिन जास्त सोडावं लागतं.

चरबी आणि साखर इंधन म्हणून एकमेकींच्या आड येतात ही कल्पना ब्रिटनमध्ये फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने जिवंत माणसाच्या स्नायूत डोकावून दाखवलं की अडथळा त्याहून अलीकडे, साखर पेशीत शिरतानाच येतो. शिरेतून चरबी चढवली तर धडधाकट तरुणांतही तीन-चार तासांत हा परिणाम दिसू लागतो. म्हणजे यासाठी आधी मधुमेह असायला लागत नाही.

सलाइनमधून कोणी जेवत नाही, हा आक्षेप रास्त आहे. जर्मनीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सडपातळ, निरोगी अशा १४ पुरुषांना पाम तेलाचं पेय एकदाच प्यायला दिलं. तेवढ्याने त्यांच्या शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी घटली आणि यकृतातली चरबी ३५ टक्क्यांनी वाढली. एका पेयात! हा बदल तात्पुरता, शरीर तो निस्तरतं. अडचण येते ती निस्तरायला सवडच न दिल्यावर.

आता याच्या उलट वाटणारा एक प्रयोग. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात, निकाल २०२० चा. तरुण, निरोगी १४ पुरुषांना एकदा पोट भरेपर्यंत आणि एकदा अक्षरशः घास उतरेनासा होईपर्यंत पिझ्झा खाऊ घातला. पहिल्या वेळी सरासरी सुमारे १,५०० कॅलरी गेल्या, दुसऱ्या वेळी ३,०००. खाणं दुप्पट होऊनही रक्तातली साखर पोटभर खाल्ल्याच्या दिवसापेक्षा जास्त चढली नाही. ट्रायग्लिसराइडही थोडेच वर. मात्र इन्सुलिन सुमारे ५० टक्क्यांनी जास्त.

हा प्रयोग ‘एखाद्या दिवशी कितीही हाणलं तरी काही होत नाही’ असा सांगितला जातो. मी तो वेगळा वाचतो. मीटरवर जो आकडा शांत दिसला, त्याची किंमत इन्सुलिनने मोजली. पंचविशीतलं स्वादुपिंड एवढी उसळी सहज मारतं. पन्नाशीतलं, आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असलेलं आणि पोटाचा घेर वाढलेलं स्वादुपिंड मारेलच असं नाही. ज्यांचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवतच नाही, त्यांच्यात हा खर्च उघड मोजता येतो. बोस्टनमध्ये टाइप-१ मधुमेहींना रात्रीच्या जेवणात कर्बोदकं आणि प्रथिनं तेवढीच ठेवून स्निग्धता एकदा १० ग्रॅम आणि एकदा ६० ग्रॅम दिली. ६० ग्रॅमच्या रात्री सरासरी ४२ टक्के जास्त इन्सुलिन लागलं, आणि तरीही साखर जास्तच राहिली. हा निकाल २०१३ चा. पिष्ट तेवढंच होतं, हे इथे लक्षात घ्या.

‘रात्री भात खाल्लाच नाही, तरी फास्टिंग १३०’

ही तक्रारही नेहमीची. भात नाही, पोळी एकच, पण सोबत बटरमध्ये घोळलेली पनीरची भाजी, वर मूठभर काजू. सकाळी उपाशीपोटी शुगर वाढलेली. मग दोष ‘ताणाला’ नाहीतर मीटरला.

रात्रभर रक्तात साखर सोडत राहणं हे यकृताचं काम, आणि त्याला आवर घालणं हे इन्सुलिनचं. यकृतात फॅटी अ‍ॅसिडचा लोंढा आला की दोन गोष्टी होतात. इन्सुलिनचा आवर सैल पडतो, आणि नवी साखर बनवायच्या भट्टीला आयतं सरपण मिळतं. त्यामुळे रात्री उशिरा झालेल्या तेलकट जेवणाचा हिशेब सकाळच्या फास्टिंगमध्ये निघतो. रात्री साडेदहाला ढाब्यावर जेवून सकाळी साडेसातला रक्त द्यायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. नऊ तासांचा उपास भरला तरी ट्रायग्लिसराइड आणि फास्टिंग, दोन्ही नेहमीपेक्षा वर येऊ शकतात. तपासणीच्या आदल्या दिवशी नेहमीचंच जेवा. मुद्दाम उपाशी राहू नका आणि मेजवानीही झोडू नका. दोन्हींनी रिपोर्ट खोटं बोलतो.

यकृतातली चरबी उतरली की हे चक्र उलटही फिरतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे डॉ. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये टाइप-२ मधुमेहींना रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. आठवड्याभरात यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची शुगर सामान्य झाली. (हा डॉक्टरांच्या देखरेखीखालचा प्रयोग होता. गोळ्या चालू असताना घरी करायचा नाही.)

बारीक माणसाला हे लागू नाही का?

आपल्याकडे उलट जास्तच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो आणि त्याखाली दोघांचे आकडे छापले. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच प्रशस्तिपत्र देतो. आतला ऐवज मात्र दुपटीहून वेगळा. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीदार असतो, ही गोष्ट त्या एका फोटोने जगाला जितकी पटवली तितकी शंभर तक्त्यांनी पटवली नसती.

हातापायांना काड्या आणि पोट पुढे, या बांध्यात कातडीखालची साठवण लवकर भरते आणि जास्तीची चरबी यकृत-स्नायूंकडे वळते. म्हणून आपल्यासाठी रेषाही अलीकडे आखल्या आहेत: बीएमआय २३ पासून जास्त वजन, २५ पासून स्थूलता. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. घेर मोजताना टेप बेंबीच्या आसपास, श्वास सोडून. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे. पँट पोटाखाली सरकलेली असते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीचा अंदाज देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे असा होता. हा सगळा दोष तेलाचा नाही. पण पिठावर तेल आणि त्यावर बैठं काम, ही जोडी त्यात आहेच.

तेल किती? पळी मोजा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतलं २,००० कॅलरींचं ताट माणशी रोज २७ ग्रॅम तेल-तूप धरतं. चौघांच्या घराला महिन्याला ३,२४० ग्रॅम. एक लिटरच्या पिशवीवर वजन ९१० ग्रॅम छापलेलं असतं, म्हणजे महिन्याला साडेतीन पिशव्या. त्यात तूप, लोणी सगळं आलं. किराणाच्या यादीत पाच लिटरचा डबा आणि वर किलोभर तूप असेल तर हिशेब तिथेच लागला. बाहेरचा वडापाव अजून धरलेलाच नाही.

स्वयंपाकात तेल पळीने पडतं, आणि पळी नेमकी किती हे कोणालाच माहीत नसतं. फोडणीची पळी पाण्याने काठोकाठ भरून औषधाच्या मापात ओता. समजा २५ मिली निघाली, तर ‘तीन पळ्या तेल’ म्हणजे ७५ मिली, सुमारे ६८ ग्रॅम. चौघांच्या एका भाजीत माणशी १७ ग्रॅम, आणि अजून रात्रीचं जेवण बाकी. पळी फेकायची नाही. तेलाच्या बरणीत ५ मिलीचा चमचा ठेवायचा आणि चौघांच्या भाजीला चार चमचे मोजून घालायचे. फोडणी तडतडायला तेवढं पुरतं. मसाला परतताना खाली लागायला लागला तर तेल नव्हे, पाण्याचा हबका मारायचा.

तळणाचं तेल किती पोटात गेलं हेही मोजता येतं. कढई तेलासकट, थंड असताना, किचनच्या काट्यावर ठेवा आणि वजन लिहा. पुऱ्या तळून झाल्या की कढई पूर्ण निवू द्या, झाऱ्यावरचं आणि टिपकागदावरचं शक्य तेवढं तेल परत निथळवा, पुन्हा वजन करा. फरक भागिले पुऱ्या. मध्यम आकाराच्या पुरीला साधारण ३ ते ५ ग्रॅम निघतं. त्याच्या बरंच वर गेलं तर कारण बहुतेक या तिघांत सापडेल: कणीक सैल होती, तेल पुरतं तापलेलं नव्हतं, किंवा एकाच वेळी चार पुऱ्या सोडल्यामुळे तेल थंड झालं. भज्यांच्या पिठात सोडा जास्त पडला तर जाळी पडते आणि जाळीत तेल भरतं. कुरकुरीतपणासाठी पिठात घातलेलं कडकडीत तेलाचं मोहन वेगळं धरायला विसरू नका. चकली-शंकरपाळ्यात तेल दोनदा जातं, एकदा मळताना आणि एकदा तळताना.

बेसनाच्या लाडवाचा हिशेब मांडून बघू. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर, एकूण तीस लाडू. एका लाडवात तूप ८ ग्रॅमच्या वर, बेसनाची स्वतःची स्निग्धता धरून ९. साखर १३ ग्रॅम, बेसनातलं पिष्ट धरून कर्बोदकं २३ च्या आसपास. कॅलरी १९० च्या घरात. दोन लाडू, चार चकल्या आणि वाटीभर चिवडा हे दिवाळीत ‘नुसतं फराळाचं’ असतं, जेवण अजून व्हायचंच असतं. आणि दिवाळीतली खरी अडचण एका ताटाची नाही, अंतराची आहे. सकाळच्या फराळाचे थेंब रक्तातून निवळायला पाच-सहा तास हवेत. अकराला एका घरी, एकला जेवण, चारला दुसऱ्या घरी, सातला पाहुणे आले म्हणून पुन्हा. निवळायला वेळच नाही, आणि इन्सुलिन दिवसभर वरच्या पट्टीत. फराळ करायचाच तर एका बैठकीत, जेवणाच्या जागी करावा. दिवसभर चरण्यापेक्षा ते बरं.

उपासाचंही तेच. साबुदाण्याच्या एका भरल्या ताटलीत कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, दाण्याचं कूट ३० ग्रॅम, तूप एक मोठा चमचा आणि थोडा बटाटा धरा. कर्बोदकं ६५ ग्रॅम, स्निग्धता २७-२८ ग्रॅम, प्रथिनं जेमतेम ८, तंतू नावाला. साडेपाचशे कॅलरी. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी केलेली आहे, त्यांना सगळं ठाऊक होतं. ताटली अर्धी करून सोबत वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर घेतली तर उपासही मोडत नाही.

कोणतं तेल, हा प्रश्न इथे येणारच. किती हा प्रश्न आधीचा, पण कोणतं यालाही अर्थ आहे. फिनलंडमध्ये वजनदार लोकांना तीन आठवडे रोज जादा १,००० कॅलरी खायला दिल्या. त्या संपृक्त स्निग्धतेतून (लोणी, चीज, खोबरेल असलं) आल्या तेव्हा यकृतातली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेतून आल्या तेव्हा ३३ टक्क्यांनी, आणि असंपृक्त तेलातून, सुक्या मेव्यातून आल्या तेव्हा १५ टक्क्यांनी. तुपात संपृक्त भाग साधारण ६० टक्के किंवा त्याहून थोडा जास्त, पामोलिनमध्ये निम्म्याच्या आसपास, शेंगदाणा तेलात पाचव्या हिश्शाच्या आत, खोबरेलात ९० टक्क्यांच्या जवळ. कोकण-गोव्यात रोजच्या जेवणात नारळ असतो. तिथे मी वाटण बंद करा म्हणणार नाही. वाटण आहे त्या भाजीत फोडणीचं तेल चमचाभरच ठेवा, एवढंच. फरसाणाच्या पाकिटावर मात्र ‘पामोलिन’ शोधाच, आणि १०० ग्रॅममागे फॅट किती तेही. शेवेला ते ३५ ते ४० ग्रॅम असतं. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या मोठ्या अक्षरांना भुलू नका. वनस्पतीपासून निघालेल्या तेलात ते नसतंच.

आणि जेवणावर गरम पाणी प्यायल्याने पोटातलं तूप ‘विरघळत’ नाही. पोटात ३७ अंश तापमान असतं, तूप तिथे आधीच पातळ झालेलं असतं.

स्वतःच्या शरीरावर एक साधा प्रयोग

घरी ग्लुकोमीटर असेल तर सहा-सात पट्ट्यांत दोन दिवसांचं चित्र मिळतं. एका दिवशी ७५ ग्रॅम कणकेचे फुलके, बटाट्याच्या भाजीला एक चमचा तेल. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच कणकेच्या पुऱ्या, भाजी तीच आणि तेवढीच. कणीक मळण्याआधी कोरडी मोजायची. जेवणाआधी, दोन तासांनी आणि पाच तासांनी टोचायचं. मध्ये चहा-बिस्कीट नाही, पाणी चालेल. शक्य झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळचं फास्टिंगही.

यात बिनसतं ते असं. बोटाला साखर लागलेली असते, जिलबी खाल्लेल्या हाताने टोचलं की ३०० सुद्धा दिसेल. हात साबणाने धुऊन पुसा, पहिला थेंब टिपून टाका. मीटरला १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते, म्हणून १४० आणि १५२ मध्ये फरक शोधत बसू नका. एका दिवशी दुपारी झोप आणि दुसऱ्या दिवशी बाजारहाट झाली तर तुलना संपलीच. दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सर असेल तर हे सगळं आपोआप दिसतं. फुलक्यांचा डोंगर उंच पण अरुंद, पुऱ्यांचा बुटका आणि लांबलचक.

मधुमेह नसलेल्यांना यात बहुधा काही दिसणार नाही, कारण त्यांचा खर्च इन्सुलिनच्या खात्यातून जातो. तिथे उपाशीपोटीच्या शुगरबरोबर उपाशीपोटीचं इन्सुलिनही तपासता येतं. दोन्हींचा गुणाकार भागिले ४०५, म्हणजे होमा-आयआर. हा आकडा जितका मोठा, तितकी शरीराची इन्सुलिनला दाद कमी. शुगर ९२ आणि इन्सुलिन ६ असेल तर १.४. शुगर तीच ९२ पण इन्सुलिन १८ असेल तर ४.१. साखरेचा रिपोर्ट दोघांचा सारखाच ‘नॉर्मल’. प्रयोगशाळेगणिक इन्सुलिनची मोजमापं बदलतात, त्यामुळे १.९ आणि २.२ वर वाद घालण्यात अर्थ नाही. खर्च नको असेल तर जुन्या लिपिड रिपोर्टमध्येच बघा. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या खाली, आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ असं तिसऱ्या ओळीत लिहिलेलं, जे सगळे वाचून सोडून देतात. या तीन गोष्टी एकत्र असतील तर इन्सुलिन कशाशी झगडतंय याचा अंदाज आलाच. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असतील तर वाट बघायची नाही, डॉक्टरांना दाखवायचं. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि त्यावर दारू-मटणाची बैठक म्हणजे आगीत तेल.

लग्नाला जायचंय, मिसळ खायचीच आहे, तर? आदल्या संध्याकाळी पाऊण-एक तास भरभर चाला. स्नायूतलं चरबी टिपणारं विकर दुसऱ्या दिवशीपर्यंत जास्त तरतरीत राहतं, आणि हा फायदा जेवणानंतरच्या चालण्याहून वेगळा आहे. मिसळीत मटकी जास्त, फरसाण मूठभर, तर्री वेगळ्या वाटीत मागवून वरचा तवंग चमच्याने बाजूला करा. पाव एक. तर्री आणि पाव दोन्ही हवंतसं घ्यायचं आणि मग कोशिंबीर कमी खाल्ली म्हणून हळहळायचं, यात काही हशील नाही. घरच्या मटणाचा रस्सा आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवला तर चरबीचा पांढरा थर वर गोठतो, तो अख्खा उचलून काढता येतो. चव खालीच राहते. जेवल्यावर पंधरा मिनिटं पाय मोकळे करा, आणि जमलं तर साडेतीन-चार तासांनी पुन्हा, कारण उशिराची साखर तेव्हा येते. रात्री वरण, पालेभाजी, ताक.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी मात्र एक वेगळा धोका आहे, आणि तो उलट्या दिशेचा. जेवणाआधी झटपट काम करणारं इन्सुलिन टोचलं, जेवण तेलकट, साखर पोटातच अडकलेली. औषध आधी पोचतं आणि तासाभरात शुगर ७० च्या खाली येते. चार तासांनी औषध उतरलेलं आणि साखर चढणीला लागलेली. डोस विभागून घेण्याचे उपाय आहेत, पण ते आपल्या नोंदी डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून ठरवून घ्यायचे, अंदाजाने नाही.

शुगर अशी खाली गेली, घाम आणि थरथर सुरू झाली, की घरात पहिला हात जातो पेढ्याकडे नाहीतर चॉकलेटकडे. तो आवरा. पेढ्यातल्या खव्याची आणि चॉकलेटमधली स्निग्धता साखरेला पुन्हा पोटात अडकवते, आणि इथे एकेक मिनिट मोलाचं असतं. अर्ध्या पेल्या पाण्यात तीन चहाचे चमचे साखर ढवळून द्या, साधारण १५ ग्रॅम होते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नका, थेट दवाखाना गाठा. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचा. अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आली की अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं. आणि जेवण तेलकट झालेलं असेल तर त्या रात्री झोपण्याआधी एकदा बोट टोचल्याशिवाय दिवा मालवू नका.